लेबर रूममधून पुढे काय शिकू? मिडवाइफरी की इन्फर्मेशन सिस्टिम्स?

रानजाई | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून इथे बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी बी.एस्सी. नर्सिंग. एका उपजिल्हा रुग्णालयात लेबर रूमला सात वर्षं झाली. पुढे शिकायचं नक्की केलंय. मुलगी पाचवीत आहे, सासूबाई म्हणाल्या, "आत्ता नाही तर कधी शिकणार?" त्यामुळे घरचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो काय शिकायचं हा.

एक वाट मळलेली आहे: एम.एस्सी. नर्सिंग, विषय प्रसूती आणि स्त्रीरोग परिचर्या. दुसरी वाट नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, म्हणजे नर्सने स्वतंत्रपणे बाळंतपण करायला शिकणं, अठरा महिन्यांची. तिसरीबद्दल वॉर्डात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे आले. इन्फर्मेशन सिस्टिम्स. म्हणजे एखाद्या संस्थेत माहिती कुठे तयार होते, कोण लिहितं, कुठे साठते आणि कुणापर्यंत पोचते याचं शिक्षण. एमबीएला असे विषय असतात एवढं कळलंय. ड्यूटीवर हे बोलले तर सगळ्यांना वाटतं सिस्टरला आता खुर्चीतलं काम हवंय. तसं नाहीये. का, ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात पहाटे साडेतीनला १०८ मधून एक पहिलटकरीण आली. चौतिसावा आठवडा, गाडीतच एक झटका येऊन गेलेला. बीपी १७०/११०. मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवायच्या औषधाचा, लोडिंग (पहिला मोठा) डोस दिला, चार ग्रॅम शिरेतून सावकाश, मग पाच-पाच ग्रॅम दोन्ही बाजूंच्या कमरेत. डॉक्टर धावत आले. बाई वाचली. बाळ सोळाशे ग्रॅमचं, तेही वाचलं.

सकाळी सगळं आवरल्यावर मी तिचं एमसीपी कार्ड, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदीचं माता-बाल कार्ड, उघडलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेलं, घडीवर फाटत आलेलं. आतल्या पानावर, स्टेपलच्या पिनेला अगदी लागून, निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: १४८/९६. तारीख एकोणीस दिवस आधीची. त्याखालचा लघवी तपासणीचा रकाना रिकामा. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेरच्या गावात तिला नव्याने कुणी तपासलंच नव्हतं.

ज्या सिस्टरने ते लिहिलं तिच्यावर राग काढायला मन धजत नाही. त्या दिवशी तिच्यापुढे किती बायका बसल्या असतील याचा अंदाज मला आहे. बीपी मोजलं होतं, लिहिलंही होतं. पुढे पोचलं मात्र नाही. आपण इतकं लिहितो, दिवसभर लिहितो, आणि ते जिथे जायला हवं तिथे जात नाही, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

जाणकारांनी सांगावं: यातलं काय शिकले तर त्या कार्डावरचा आकडा पुढे पोचवायला माझा उपयोग होईल?

---

दगडफूल | बुधवार, सकाळी ७:०५

रानजाई, मी नर्सिंग कॉलेजात हाच विषय शिकवते, म्हणून आधी कोरडी माहिती देते.

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. बी.एस्सी.ला ५५ टक्के, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. महाराष्ट्रात सीईटी (प्रवेश परीक्षा) असते, पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षणशास्त्र, प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र आणि स्पेशालिटीचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, स्पेशालिटीचा दुसरा भाग आणि प्रबंध.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही पदवी घेऊन बहुतेक मुली माझ्यासारख्या शिकवायला जातात. लेबर रूममध्ये परत आलेल्या एम.एस्सी. सिस्टर मी फार थोड्या पाहिल्या. तुम्हाला पेशंटजवळच राहायचं असेल तर याचा आधी विचार करा.

पण तुमचा प्रश्न वाचून मला प्रबंध आठवला. दरवर्षी मुली "अमुक विषयाबाबत मातांच्या ज्ञानाचा अभ्यास" असलेच विषय घेऊन येतात. प्रश्नावली द्यायची, माहितीपत्रक वाचायला द्यायचं, परत तीच प्रश्नावली. याचा मला मनापासून कंटाळा आलाय. लेबर रूममधल्या नोंदींवर काम करणारी एक मुलगी मिळावी म्हणून मी किती वर्षं वाट बघतेय.

बाळंतिणींचे गट पाडून सिझर मोजायचं रॉबसनचं वर्गीकरणच घ्या. रॉबसन यांनी २००१ मध्ये मांडलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सगळ्यांनी वापरावं असं सांगितलं. सिझर किती झाली एवढं सगळेच मोजतात. सिझर कुणाची झाली, हे यात कळतं. त्यासाठी सहाच गोष्टी लागतात: पहिली खेप की पुढची, आधी सिझर झालंय का, कळा आपोआप आल्या की आणल्या, बाळ एक की जुळं, किती आठवडे भरले, आणि बाळ डोक्याकडून आहे का. सहाही गोष्टी प्रत्येक सिस्टरला माहीत असतात. आता तुमच्या प्रसूती नोंदवहीत यातल्या किती गोष्टींना रकाना आहे ते बघा.

---

कोकणकडा | बुधवार, सकाळी ९:२०

वाचतोय. या क्षेत्रातला नाही, पण माझ्या बायकोच्या वेळी रात्री एका सिस्टरने बीपी पुन्हा मोजलं म्हणून आज आम्ही तिघं आहोत. शिका ताई. काहीही शिका, पण शिका.

---

निळीशाई | बुधवार, दुपारी १:१५

पुण्यात सिस्टिम अ‍ॅनालिस्ट आहे, आईने चाळीस वर्षं नर्सिंग केलं. दोन्ही बाजू घरात पाहिल्यात.

प्रवेशाचं आधी सांगतो. एमबीएला कुठलीही पदवी चालते, ५० टक्के आणि सीईटी. बारावीला किंवा पदवीला गणित नसेल तर एमसीएला अडचण येते. आरोग्याच्या अंगाने शिकायचं तर दिल्लीच्या आयआयएचएमआरमध्ये हेल्थ आयटी हा वेगळा विषय घेता येतो.

आता त्या १४८/९६ कडे येतो. समजा उद्या कुणी तुमची नोंदवही जशीच्या तशी एक्सेलमध्ये उतरवली आणि बीपीला एकच रकाना ठेवला. तुम्ही त्यात १४८/९६ लिहिलंत. कॉम्प्युटरच्या लेखी तो आकडा नाहीच. तो नुसता मजकूर आहे, एखाद्याचं नाव लिहावं तसा. त्याला १४० पेक्षा मोठा आहे का विचारलं तर उत्तर देता येणार नाही. वरचं आणि खालचं बीपी दोन वेगळ्या रकान्यांत, आकडा म्हणूनच घेतलं, तर एका ओळीत यादी मागता येते: वरचं १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचं ९० किंवा त्याहून जास्त, आणि त्यानंतर सात दिवसांत पुढची तपासणी नाही. तुमची ती बाई आठव्या दिवशी या यादीत आली असती.

हे झालं डेटाबेसचं काम, आणि ते दोन महिन्यांत शिकता येतं. खरा विषय यानंतर सुरू होतो. ती यादी कुणाच्या टेबलावर पडणार? सासरच्या आरोग्यसेविकेच्या की माहेरच्या? तिने फोन करायचा की आशाताईने घरी जायचं? गेली नाही हे कुणाला दिसणार? मशीनपेक्षा माणसांच्या कामाची ही मांडणी मोठी असते. इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या अभ्यासक्रमात ती शिकवतात, पण शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना बँक, विमा, दुकान याच गोष्टी माहीत असतात. लेबर रूम आतून पाहिलेला माणूस त्या वर्गात मी अजून पाहिलेला नाही.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:३०

मी मूळची नांदेडची. हैदराबादला मिडवाइफरी शिकले, तिथेच काम करते. दुसऱ्या वाटेबद्दल मी सांगते.

हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने २०११ मध्ये मिडवाइफ घडवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये तेलंगणा सरकारने त्यांच्या मदतीने सरकारी नर्सेसना शिकवायला घेतलं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यातून हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. बहुतेक ठिकाणी सरकारी सेवेतल्या अनुभवी नर्सेसना राज्य निवडून पाठवतं, तेव्हा तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात आधी चौकशी करा.

तिथे काय शिकले? सात वर्षं बाळंतपणं करूनही जे मला येत नव्हतं ते. बाईला पाठीवर आडवं न पाडता ती उभी असताना, ओणवी असताना, तिला जमेल तशा स्थितीत बाळंतपण कसं होऊ द्यायचं. गरज नसताना एपिसिओटॉमीला, म्हणजे योनीमुखाला छेद द्यायला, कात्री न लावणं. आणि गप्प बसणं. हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हाताला सारखं काहीतरी करायची सवय असते. पीव्ही (आतून तपासणी) करायचं, सलाइनचा वेग वाढवायचा, "जोर लाव" म्हणून ओरडायचं. आमच्या शिक्षिका मला बाईजवळ स्टुलावर बसवायच्या, हात मांडीवर ठेवून. तिचा श्वास ऐक म्हणायच्या. मला पहिल्या दिवशी रडू आलं होतं.

माझी पणजी सुईण होती. गावाकडे मिडवाइफ म्हटलं की म्हणतात "म्हणजे सुईणच की!" मी दुरुस्त करत नाही. सरकारी कागदावर प्रसाविका लिहितात, तोही शब्द चांगला आहे, पण बाया मला सुईण म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं.

महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात झाली. सिझरचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं. बाई दवाखान्यात पोचली. पोचल्यावर तिच्याशी कसं वागतात, तिच्याजवळ कोण बसतं, हा प्रश्न आता आपला आहे. रानजाई, आधी मिडवाइफरी शिक. कॉम्प्युटर शिकवणारे पुष्कळ भेटतील.

---

आक्का | गुरुवार, पहाटे ५:१०

बत्तीस वर्षं सरकारी नोकरी करून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. माझं मत वेगळं आहे आणि मी ते सांगणार.

२००८ ला एचएमआयएस, म्हणजे दवाखान्यांचे आकडे सरकारला कळवायची सिस्टिम, आलं. मग मदर अँड चाइल्ड ट्रॅकिंग आलं, मग त्याच्या जागी गरोदर बाया आणि बाळांच्या नोंदीचं आरसीएच पोर्टल आलं, २०१६ ला आरोग्यसेविकांच्या हातात त्याच नोंदी भरायच्या अनमोल अ‍ॅपचा टॅब्लेट आला. प्रत्येक वेळी प्रशिक्षणात सांगितलं की आता रजिस्टरं कमी होतील. माझ्या डोळ्यांदेखत एकही रजिस्टर कमी झालं नाही. पोरी रात्रभर बाळंतपणं करतात आणि सकाळी घरी जायच्या ऐवजी नोंदी पुऱ्या करत बसतात. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख, बाळंतपण चालू असताना भरायचा असतो, तो बाळंतपण झाल्यावर आठवून भरलेला मी शेकड्याने पाहिलाय. मीही भरलाय. त्यावरच्या रेषा अगदी सुरेख येतात, कारण शेवट माहीत असतो.

त्यामुळे आणखी एक सिस्टिम आणायला कुणी शिकत असेल तर माझा विरोध. तुझ्या हाताला सात वर्षांचं ज्ञान आहे पोरी. ते पडद्यापुढे नेऊन ठेवू नकोस.

---

उसाचा फड | गुरुवार, सकाळी ११:००

बीड जिल्हा. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी शिक्षक झालो. रानजाईताईंनी माहेरचं लिहिलं, मला फडाचं लिहायचंय.

दिवाळीच्या सुमारास आमची गावं रिकामी होतात ती पार उन्हाळा लागेपर्यंत. गरोदर बायाही कोयता घेऊन जातात. कार्ड गावात राहतं, नाहीतर पत्र्याच्या पेटीत तळाला. सांगली-कोल्हापूरकडच्या दवाखान्यात ती बाई गेली तर तिथे ती नवीन पेशंट. तिचं नाव तरी कुठे एक असतं? आधार कार्डावर एक, माहेरचं एक, मुकादमाच्या वहीत तिसरं. आरसीएचचा नंबर सगळीकडे चालावा अशीच सोय आहे, पण तो नंबर बाईला पाठ नसतो आणि कुणी तिला सांगतही नाही की बाई, हा नंबर जप.

माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म फडावर खोपटात झाला. आईचं सगळं ठीक झालं म्हणून आज हे लिहितोय. आक्का, तुमचं दुखणं खरं आहे. पण आमच्या बायकांसाठी कागद पुरत नाही हो. त्यांची माहिती त्यांच्याबरोबर चालत यायला हवी.

---

निळीशाई | गुरुवार, दुपारी २:४०

आक्का, तुमचा प्रतिसाद माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकाने वाचावा असं वाटलं. तुमच्या विरोधातच रानजाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून थोडं जुनं सांगतो.

१९७० च्या सुरुवातीला नॉर्वेत कारखान्यांमध्ये कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हा क्रिस्टन निगार्ड नावाचे शास्त्रज्ञ लोखंड-धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसले. ज्याच्या कामात मशीन येणार त्याला त्या मशीनची रचना ठरवताना बोलता आलं पाहिजे, त्यासाठी त्याने ते शिकलं पाहिजे, असा तो विचार होता. पुढे त्याच परंपरेतून ओस्लो विद्यापीठाच्या लोकांनी वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत आरोग्य माहितीचं काम सुरू केलं आणि त्यातून डीएचआयएस हे आरोग्य माहितीचं सॉफ्टवेअर उभं राहिलं, जे आज कितीतरी देशांची आरोग्य खाती वापरतात.

आपल्याकडच्या सिस्टिम नर्सवर लादल्यासारख्या वाटतात, कारण त्या मांडताना टेबलाशी नर्स नव्हती. नर्सने शिकू नये असं म्हटलं तर पुढचीही तशीच होणार.

रानजाई, एक करून बघाल? एका पाळीत एका बाईचं एकच बीपी धरा आणि ते कुठेकुठे लिहिलं जातं ते नुसतं टिपून ठेवा.

---

आक्का | गुरुवार, दुपारी ४:००

टेबलाशी नर्स नव्हती हे खरं. मला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हँडओव्हर बुकातलं, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरसाठी लिहितात त्या वहीतलं, शेवटचं पान बघा, खरी माहिती तिथे असते.

---

सातासमुद्रापार | शुक्रवार, रात्री १२:२०

इंग्लंडमधून. मी इथे मिडवाइफ आहे, मूळची साताऱ्याची.

परदेशाचा विचार मनात असेल तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. इथे नर्स आणि मिडवाइफ हे दोन वेगळे पेशे आहेत, मिडवाइफचा स्वतंत्र कायदा १९०२ चा. कौन्सिलच्या नोंदणीतही दोघींचे भाग वेगळे. भारतातून येणाऱ्या बहुतेक सिस्टर नर्स म्हणून नोंदणी करतात, आणि आपल्याकडे "आरएन आरएम" (नोंदणीकृत नर्स, नोंदणीकृत मिडवाइफ) लिहीत आलो तरी त्या आरएमच्या जोरावर इथे थेट बाळंतपणं करता येत नाहीत. मला ते कळायला उशीर झाला आणि पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं.

इथे डिजिटल मिडवाइफ म्हणून पद असतं. ती आधी मिडवाइफ असते, मग सिस्टिमचं काम शिकते. नवीन फॉर्म आला की ती रात्रपाळीला येऊन उभी राहते आणि विचारते, हातात ग्लोव्ह्ज असताना हे कसं भरशील? आमच्याकडच्या डिजिटल मिडवाइफने एका वर्षात अकरा रकाने काढून टाकले. आक्कांना हे आवडेल.

आणि आईला तिची नोंद मोबाइलवर दिसते. तिचं बीपी किती ते तिला माहीत असतं आणि ती स्वतः विचारते. रानजाई, तुझ्या त्या बाईला १४८/९६ म्हणजे काय हे कुणी सांगितलं होतं का?

---

रानजाई | रविवार, सकाळी १०:१५

उशिरा लिहितेय, सलग पाळ्या होत्या. प्रत्येक प्रतिसाद दोन-तीनदा वाचला. सातासमुद्रापार, नाही सांगितलं होतं. मी डिस्चार्जच्या दिवशी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "बाई काहीतरी लिवल्या, पर काय ते बोलल्या न्हाईत." हे मी धाग्यात लिहिलं नव्हतं, कारण मीही कितीदा न बोलता लिहिते ते तेव्हा आठवलं होतं.

निळीशाई, सांगितलं तसं शुक्रवारी संध्याकाळच्या पाळीत केलं. दुसऱ्या खेपेची बाई, गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं, बीपी सव्वासहाला घेतलं: १३६/८८. आधी ग्लोव्ह्जच्या पाकिटाच्या मागे लिहिलं, कारण पेपर लांब होता. मग केसपेपर. मग पार्टोग्राफ. मग हँडओव्हर बुक. बाळंतपण झाल्यावर प्रसूती नोंदवही. सकाळी ऑपरेटरने नोंदवहीवरून कॉम्प्युटरमध्ये घातलं. सहा ठिकाणी.

पाकिटावर, केसपेपरवर आणि पार्टोग्राफवर १३६/८८ आहे. हँडओव्हर बुकात १३६/८६ झालं. नोंदवहीत १३०/८०. कॉम्प्युटरमध्येही अर्थातच १३०/८०. नोंदवहीतलं अक्षर माझं आहे. मी थकले होते आणि हाताने सवयीने गोल आकडा लिहिला. बाई सुखरूप आहे, पण पाकीट मी जपून ठेवलंय.

दगडफूल मॅडम, रॉबसनच्या सहापैकी आमच्या नोंदवहीत चार गोष्टींना रकाना आहे. कळा आपोआप आल्या की आणल्या याला नाही. बाळ डोक्याकडून की पायाकडून हे "शेरा" मध्ये कुणी लिहितं, कुणी नाही.

काय करायचं ते ठरलंय. एम.एस्सी.ची सीईटी देणार, विषय प्रसूती परिचर्याच. गोदाकाठ, जिल्हा कार्यालयात चौकशी केली. राज्याकडून मिडवाइफरीसाठी नावं मागवली की माझं द्या असं लेखी देऊन आले. आधी जे येईल ते घेणार. स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसणं मला शिकायचंय, ते वाचून मी बराच वेळ पुढे गेलेच नाही. इन्फर्मेशन सिस्टिम्सची वेगळी पदवी आत्ता नको. १३६ आणि १३० मध्ये काय फरक पडतो हे ज्याला कळतं त्यानेच रकाने आखावेत असं मला वाटतं, आणि ते कळण्याचं माझं शिक्षण अजून पुरं झालेलं नाही. पण प्रबंधासाठी विषय हाच धरणार: सासरहून माहेरी आलेल्या जोखमीच्या मातेची माहिती कुठे गळते. दगडफूल मॅडम, तुमच्याशी व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) बोलले तर चालेल ना? उसाचा फड दादा, तुमच्या भागातल्या आशाताईंशी बोलायला मला यायचंय, सुगीनंतर.

आक्का, वचन देते, रकाना वाढवायच्या आधी एक काढेन.

---

दगडफूल | रविवार, सकाळी १०:५०

व्यनि केलाय. अर्जाची कागदपत्रं आत्ताच गोळा करायला घ्या, अनुभवाच्या दाखल्यावर सही मिळायला वेळ लागतो. सीईटीसाठी संशोधन आणि संख्याशास्त्र हलकं समजू नका. आणि ते ग्लोव्ह्जचं पाकीट टाकू नका.

---

आक्का | रविवार, दुपारी १२:३०

माझ्याकडे जुनी हँडओव्हर बुकं आहेत, मी स्वतःसाठी लिहिलेली, नावं नसलेली. लागली तर घेऊन जा.

---

निळीशाई | रविवार, दुपारी १:०५

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसकडून अशा याद्या मागायची भाषा, मी शिकवतो, आठवड्यातून एक तास, व्हिडिओ कॉलवर. पहिला धडा तुमच्या नोंदवहीच्या रकान्यांवरच घेऊ. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहा?

---

रानजाई | रविवार, दुपारी १:२०

रविवारी रात्रपाळी आहे, सहाला निघावं लागतं. सोमवारी दुपारी चालेल का? आमच्या दोन नवीन सिस्टरही बसायचं म्हणतायत. आक्का, पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून येते बुकं न्यायला.